सुटलेल्या पेशी, जुळलेल्या पेशी : स्तनाच्या कर्करोगातल्या सांधणाऱ्या प्रथिनांचा आढावा

स्तनाच्या लोब्युलर कर्करोगाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर गाठ सापडायलाच थोडा वेळ लागतो. गुलाबी रंगलेल्या तंतूंच्या फटीफटींतून लहान, गोलसर, एकसारख्या पेशी एकामागे एक ओळीने गेलेल्या असतात. वाटेत एखादी निरोगी नलिका लागली, तर तिच्याभोवती या ओळी फेर धरतात, पण कुठे घोळका करून बसत नाहीत. शेजारी डक्टल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नेहमीच्या कर्करोगाची स्लाइड ठेवली, तर तिथे पेशींची बेटे दिसतात, वेड्यावाकड्या नळ्या दिसतात, एकमेकींना घट्ट धरून वाढलेले पुंजके दिसतात. मग त्याच दोन गाठींच्या ब्लॉकांचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे नवे छेद घेऊन त्यांवर ई-कॅडहेरिन या पेशींना सांधणाऱ्या प्रथिनाची तपासणी लावली, की हा फरक रंगातच उतरतो. डक्टल गाठीत प्रत्येक पेशीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते आणि मधाच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते. लोब्युलर गाठीत निरोगी नलिकांची कड तेवढी तपकिरी होते, आणि ओळीने चाललेल्या त्या पेशी निळ्या केंद्रकांसह कोऱ्या राहतात. दोन्ही गाठी इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह असू शकतात, दोन्ही हर-२ निगेटिव्ह असू शकतात, दोघींचा उपचारही बराचसा सारखा असू शकतो. तरी पेशींनी एकमेकींना धरले आहे की सोडले आहे, एवढ्या एका गोष्टीवरून त्यांचे रूप, त्यांची वाढ आणि त्यांचा पुढचा प्रवास वेगळा होतो.

पेशीला पेशीशी आणि भोवतालच्या ऊतीशी बांधणाऱ्या या आसंजक प्रथिनांवर, सोप्या शब्दांत सांधणाऱ्या प्रथिनांवर, स्तनकर्करोगाच्या संदर्भात प्रचंड लिखाण झाले आहे. कॅडहेरिने, क्लॉडिने, इंटेग्रिने, ईपी-कॅम, सीडी-४४ अशी मोठी यादी आहे, आणि प्रत्येकाला कधी ना कधी ‘आशादायक मार्कर’ म्हटले गेले आहे. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या रिपोर्टात मात्र इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, हर-२ आणि बऱ्याचदा केआय-६७ हीच नावे असतात. सांधणाऱ्या प्रथिनांपैकी रोजच्या कामात पाय रोवून उभे राहिले ते जवळजवळ एकटे ई-कॅडहेरिन, तेही ठरावीक प्रसंगी. एवढ्या अभ्यासातून एवढेच कसे हाती लागले? माझ्या मते प्रथिनांना विचारलेला प्रश्नच चुकत आला. ‘हे प्रथिन किती आहे, आणि कमी झाले म्हणजे रोग किती वाईट’ असे त्यांना विचारले गेले, आणि त्याची उत्तरे दर अभ्यासागणिक फिरत राहिली. ‘ही पेशी कोणत्या कुळातली, आणि आत्ता कोणत्या अवस्थेत आहे’ असे विचारले, की हीच प्रथिने नेमके बोलतात. पण ते ऐकायचे तर प्रथिन पेशीत कुठे आहे, कोणाबरोबर आहे आणि रोगाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे तिन्ही पाहावे लागते. रंग गडद की फिका, एवढ्यावर भागत नाही.

पेशी एकमेकींना ओळखतात, ही गोष्ट कर्करोगाच्या अभ्यासातून आली नाही. १९०७ साली एच. व्ही. विल्सन यांनी समुद्रातला स्पंज बारीक कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या, तर त्या पुन्हा जुळून आल्या. १९५५ मध्ये टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचरांच्या गर्भातल्या वेगवेगळ्या थरांच्या पेशी एकत्र कालवल्या, आणि त्या आपापल्या जातवारीने वेगळ्या होऊन बसल्या. या ओळखीमागचे रसायन जपानच्या मासातोशी ताकेइची यांना एका अडचणीतून सापडले. क्योतोमध्ये ट्रिप्सिन या प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमने सुट्या केलेल्या पेशी पुन्हा सहज चिकटत. बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत त्याच पद्धतीने सुट्या केलेल्या पेशी चिकटेनात. शोध घेतला तेव्हा कळले, की तिथल्या ट्रिप्सिनच्या द्रावणात कॅल्शियम ओढून घेणारे ईडीटीए मिसळलेले होते. कॅल्शियम असेपर्यंत चिकटवणारे प्रथिन ट्रिप्सिनला दाद देत नाही; कॅल्शियम गेले की ते कापले जाते. १९७७ च्या त्यांच्या निबंधात कॅल्शियमवर अवलंबून असलेला आणि नसलेला असे चिकटण्याचे दोन प्रकार वेगळे झाले, आणि पुढे पहिल्या प्रकारच्या प्रथिनांना कॅडहेरिन हे नाव पडले. ई-कॅडहेरिन हे त्यातले आवरणपेशींचे प्रथिन. त्याचे पाच खंड पेशीबाहेर असतात, आणि त्या खंडांच्या मधल्या सांध्यांत कॅल्शियम बसले की सगळा दांडा ताठ होऊन शेजारच्या पेशीच्या तशाच दांड्याला भिडतो. पेशीच्या आत त्याचे शेपूट असते. त्याला पी-१२० कॅटेनिन आणि बीटा-कॅटेनिन धरून असतात, आणि बीटाला धरलेल्या अल्फा-कॅटेनिनमार्फत ते पेशीच्या अॅक्टिन तंतूंच्या सांगाड्याशी जोडले जाते. बाहेरची पकड आणि आतला सांगाडा यांना जोडणारी ही साखळी आहे. म्हणून ‘प्रथिन दिसते’ याचा अर्थ ‘सांधा शाबूत आहे’ असा आपोआप होत नाही. पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

या प्रथिनाने आपले काम सर्वांत स्वच्छ करून दाखवले ते लोब्युलर कर्करोगात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या फूट आणि स्ट्यूअर्ट यांनी १९४१ मध्ये स्तनाच्या खंडिकांमध्येच (लोब्यूलमध्ये) अडकून असलेल्या लोब्युलर विकृतीचे वर्णन केले, ते केवळ रूपावरून. तिच्यातल्या पेशी सैल का पडतात, याचे उत्तर मिळायला अर्धे शतक गेले. १९९५ साली बेल्जियमच्या बर्क्स आणि सहकाऱ्यांनी लोब्युलर गाठींमध्ये ई-कॅडहेरिनच्या जनुकात, म्हणजे सीडीएच१ मध्ये, प्रथिन अर्धवट तोडणारे बिघाड दाखवले. हे जनुक सोळाव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर आहे, आणि तोच बाहू या गाठींत हरवलेला असतो. एक प्रत बिघडते, दुसरी प्रत गुणसूत्राच्या तुकड्याबरोबर जाते, आणि पेशीकडे सांधाच उरत नाही. २०१५ मध्ये ‘कॅन्सर जीनोम अॅटलस’ या प्रकल्पात ८१७ स्तनगाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही लोब्युलर गाठींपैकी सुमारे दोन तृतीयांश गाठींत सीडीएच१ बिघडलेले होते, आणि डक्टल गाठींत हे प्रमाण नगण्य होते. महत्त्वाचे हे, की आक्रमक झालेल्या गाठीच्या आधीच्या, खंडिकेत बंदिस्त असलेल्या अवस्थेतही हे प्रथिन गेलेलेच असते. म्हणजे सांधा सुटणे हा या रोगाचा शेवटचा टप्पा नाही, त्याची सुरुवातच तिथून होते. ते कुळाचे चिन्ह आहे.

जन्मापासून एक प्रत बिघडलेली असणाऱ्या कुटुंबांनी या निष्कर्षाला आणखी बळ दिले. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी एका माओरी घराण्यात पिढ्यानपिढ्या होणाऱ्या पसरट जठरकर्करोगाचे मूळ सीडीएच१ मध्ये असल्याचे दाखवले. अशा घराण्यांतल्या स्त्रियांना स्तनाचा जो कर्करोग होतो तो प्रामुख्याने लोब्युलर असतो, आणि त्याची आयुष्यभराची जोखीम ४० टक्क्यांच्या आसपास मानली जाते. एकाच जनुकाच्या बिघाडाने जठरात आणि स्तनात सुटसुटीत, विखुरलेल्या पेशींचाच रोग व्हावा, याला योगायोग म्हणता येत नाही. ई-कॅडहेरिन गेले म्हणजे कर्करोग ‘जास्त’ झाला असे इथे नाही. एका विशिष्ट घडणीचा कर्करोग झाला, एवढेच.

मग लोब्युलर कर्करोगाची व्याख्याच या रंगावर का करू नये, असा आक्षेप येतो. रंग नाही तर लोब्युलर, रंग आहे तर डक्टल, असा सरळ हिशेब. तसे करता येत नाही, आणि त्याचे कारण त्या साखळीत आहे. रूपाने निःसंशय लोब्युलर असलेल्या गाठींपैकी दहाएक टक्के गाठींत ई-कॅडहेरिनचा रंग दिसतो. काही वेळा तो कडेवर तुटक असतो, काही वेळा पेशीच्या आत विखुरलेला असतो, आणि काही वेळा चक्क पूर्ण जाळीसारखा असतो. बिघडलेल्या जनुकातून तयार झालेल्या प्रथिनाचा तुकडा तपासणीतल्या अँटीबॉडीला ओळखू येतो, म्हणून रंग उमटतो. पण त्या प्रथिनाला शेजारणीची पकड घेता येत नाही, किंवा आतले कॅटेनिन तुटलेले असते. अशा वेळी पी-१२० चा रंग उपयोगी पडतो. सांधा शाबूत असेल तर पी-१२० कडेवर रेघ काढते. सांधा मोडला असेल तर धरायला काही न उरल्यामुळे ते पेशीरसात पसरते आणि सगळी पेशी तपकिरी होते. इथे लोब्युलर पेशी स्वतः रंगते, म्हणून निदान ‘काही न दिसण्यावर’ अवलंबून राहत नाही. रंग न दिसण्याची कारणे प्रयोगशाळेत अनेक असतात, त्यामुळे हा फायदा मोठा आहे. उलट बाजूने, जोमाने वाढणाऱ्या काही डक्टल गाठींतही ई-कॅडहेरिन कमी झालेले असते. तिथे बहुतेक वेळा जनुक शाबूत असते, फक्त त्याचे काम दाबलेले असते, आणि पेशी पुंजके करून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणाने लोब्युलर निदानासाठी पेशींचे सुटेपण हा मुख्य निकष ठेवला आणि ई-कॅडहेरिनच्या तपासणीला सहायकाची जागा दिली, ते मला योग्य वाटते. रूप आणि रंग यांच्यात तंटा झाला, तर रंगाला पुन्हा प्रश्न विचारावा, कुठे आणि कोणाबरोबर, आणि मगच निकाल द्यावा.

दुसरा आक्षेप ऑन्कॉलॉजिस्टांकडून येतो आणि तो अधिक टोकदार आहे. उपचार इस्ट्रोजेन रिसेप्टर आणि हर-२ यांवर ठरतो, तेव्हा लोब्युलर की डक्टल हे कळून रुग्णाच्या आयुष्यात काय फरक पडतो? पडतो, आणि तो केवळ औषधाच्या निवडीत शोधू नये. सुट्या पेशींची ही गाठ हाताला कडक गोळ्यासारखी लागेलच असे नाही, मॅमोग्राफीत ती सहज निसटते, आणि एफडीजी वापरून केलेल्या पेट स्कॅनमध्येही तिची चमक कमी असते. शस्त्रक्रियेआधी तिचा खरा विस्तार कळण्यासाठी एमआरआयचा आधार घ्यावा लागतो. आधी केमोथेरपी देऊन गाठ पूर्ण विरघळण्याचे प्रमाण या प्रकारात फार कमी आहे, हे माहीत असेल तर स्तन वाचवण्याच्या आशेवर केमोथेरपी सुरू करण्यापूर्वी डॉक्टर दोनदा विचार करील. रोग परत येतो तेव्हा तो पोटाच्या आवरणात, अंडाशयात, जठर-आतड्याच्या भिंतीत, मेंदूच्या आवरणात येण्याची शक्यता डक्टलपेक्षा जास्त असते, आणि अनेकदा तो बऱ्याच वर्षांनी येतो. दहा-बारा वर्षांपूर्वी स्तनाचा उपचार झालेल्या स्त्रीच्या जठराच्या बायोप्सीत सुट्या पेशी दिसल्या, तर तो नवा जठरकर्करोग की जुना लोब्युलर, हा प्रश्न तिच्यासाठी शस्त्रक्रिया की गोळी इतका मोठा असतो. त्या दोन्ही रोगांत ई-कॅडहेरिन नसू शकते, म्हणून तिथे इस्ट्रोजेन रिसेप्टर आणि गाटा-३ या स्तनपेशींकडे बोट दाखवणाऱ्या खुणांची जोड लागते. पण तो प्रश्न सुचायला जुन्या रिपोर्टात ‘लोब्युलर’ हा शब्द नीट लिहिलेला असावा लागतो. औषधांच्या बाबतीतही अगदीच शुकशुकाट नाही. बिग १-९८ या मोठ्या चाचणीतल्या रुग्णांच्या नंतर केलेल्या विश्लेषणात टॅमॉक्सिफेनपेक्षा लेट्रोझोलचा फायदा लोब्युलर गटात अधिक ठळक दिसला. ई-कॅडहेरिन नसलेल्या पेशी आरओएस१ या एन्झाइमला रोखल्यावर मरतात, असे २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या गटाने दाखवले आणि त्यावरून रुग्णांमधल्या चाचण्या सुरू झाल्या. मार्कर म्हणून ओळखलेली उणीव औषधाचे लक्ष्य होऊ शकते, हा विचारच मोलाचा आहे.

आता त्या समीकरणाकडे येऊ, ज्याने या विषयाला सर्वाधिक चालना दिली आणि सर्वाधिक गोंधळही घातला : पेशी सुटली म्हणजे पसरली. गर्भात आवरणपेशी आपले सांधे सोडून भटक्या पेशी बनतात, ही खरी गोष्ट आहे. २००० साली स्पेनमधल्या दोन गटांनी स्नेल हे प्रथिन ई-कॅडहेरिनचे जनुक दाबते हे दाखवले. २००४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेतून ट्विस्ट या प्रथिनाचा स्तनकर्करोगाच्या पसरण्याशी संबंध पुढे आला. ई-कॅडहेरिन जाते, एन-कॅडहेरिन आणि व्हायमेंटिन येते, पेशी लांबट होते आणि निघून जाते, असे एक सुटसुटीत चित्र पाठ्यपुस्तकांत रुजले. त्या चित्राच्या आधाराने ‘ई-कॅडहेरिन कमी म्हणजे भविष्य वाईट’ हे गृहीत धरून असंख्य अभ्यास झाले. पण समीकरण खरे असते, तर सांधा पूर्ण गमावलेला लोब्युलर कर्करोग सर्वांत घातक ठरला असता. प्रत्यक्षात तो बहुधा संप्रेरकांना प्रतिसाद देणारा, सावकाश वाढणारा असतो. त्याच्या पेशी भटक्या पेशींचे रूपही घेत नाहीत. त्या केराटिन सांभाळून असतात, गोल राहतात, फक्त एकट्या असतात. उलट, स्तन लाल होऊन सुजणारा, काही आठवड्यांत वाढणारा इन्फ्लमेटरी कर्करोग हा सर्वांत भयंकर प्रकारांपैकी एक, आणि त्यात लसिकावाहिन्यांमध्ये अडकलेल्या पेशींच्या गोळ्यांवर ई-कॅडहेरिन भरपूर असते. ते गोळे घट्ट धरून राहतात, म्हणून तर वाहिन्या तुंबतात आणि त्वचा सुजते. एकाच प्रथिनाची दोन टोके दोन उपप्रकारांत अशी उलटी लागतात, तेव्हा प्रथिनाची एकूण मात्रा रोगाची तीव्रता सांगते या गृहीतकाला उभे राहायला जागा उरत नाही.

प्रयोगांनी हे आणखी स्पष्ट केले. २०१४ मध्ये निकोला असेटो आणि सहकाऱ्यांनी रक्तातून फिरणाऱ्या कर्करोगपेशींची पाहणी केली. एकट्या पेशींपेक्षा गुच्छाने फिरणाऱ्या पेशींची दुसरीकडे रुजण्याची ताकद त्यांना २३ ते ५० पटींनी अधिक आढळली, आणि गुच्छ टिकवायला प्लॅकोग्लोबिन हे सांध्यातले प्रथिन लागत होते. २०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून वीणा पद्मनाभन आणि अँड्र्यू इवाल्ड यांचा निबंध आला. उंदरांतल्या आणि मानवी गाठींपासून केलेल्या प्रतिरूपांमध्ये ई-कॅडहेरिन काढून टाकले, तर पेशी शेजारच्या ऊतीत अधिक घुसल्या, पण दूर जाऊन रुजणे मात्र खूप घटले. सांधा गेलेल्या पेशी प्रवासात ऑक्सिडेशनच्या ताणाने मरत होत्या. म्हणजे घुसणे आणि रुजणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला सुटणे उपयोगी, दुसऱ्याला धरून राहणे. हे सगळे प्रयोग मुख्यतः डक्टल प्रकारातल्या गाठींवरचे आहेत, आणि लोब्युलर पेशी मग एकट्या कशा तगतात हा प्रश्न उरतोच. माझ्या मते याचा धागा पुन्हा कुळाकडे जातो. ज्या पेशीने आयुष्याच्या सुरुवातीलाच सांधा गमावला, तिने एकटे जगण्याची सोय करून घेतलेली असते. २०१५ च्या त्या अभ्यासात लोब्युलर गाठींत पेटेन या गाठ रोखणाऱ्या जनुकाचा बिघाड आणि जगण्याचा संदेश देणाऱ्या एकेटी मार्गाची वाढलेली क्रिया दिसली, ती या अर्थाने बोलकी आहे. वाटेत अचानक सांधा तोडलेल्या डक्टल पेशीकडे ती सोय नसते. प्रथिन दोन्हीकडे शून्य. इतिहास मात्र वेगळा.

सोबतीचा मुद्दा पी-कॅडहेरिनमध्ये फार चांगला दिसतो. याचे जनुक ई-कॅडहेरिनच्या जनुकाला अगदी खेटून आहे. निरोगी स्तनात हे प्रथिन दुधाच्या नलिकेच्या बाहेरच्या, आकुंचन पावणाऱ्या मायोएपिथेलियल पेशींत असते. गाठीत ते दिसले, की बहुधा गाठ बेसल घडणीची, जोमाने वाढणारी, इस्ट्रोजेन रिसेप्टर नसलेली असते, आणि बीआरसीए१ च्या वारशाने आलेल्या बिघाडातून झालेल्या गाठींतही ते वारंवार दिसते. आतापर्यंत सरळ आहे. पोर्तुगालच्या पोर्तो इथल्या जोआना पारेदेस यांच्या गटाने पुढची पायरी घेतली. ई-कॅडहेरिन शाबूत असताना पी-कॅडहेरिन आले, तर ते सांध्यातली कॅटेनिने हिसकावून घेते, पकड सैल करते, आणि अशा दोन्ही प्रथिने असलेल्या गाठींचे भविष्य सर्वांत वाईट दिसले. ई-कॅडहेरिन मुळातच नसताना आलेले पी-कॅडहेरिन मात्र तितके घातक वागत नाही. फक्त ई मोजणाऱ्याला ही गाठ ‘चांगली’ वाटली असती.

क्लॉडिन-लो या उपप्रकाराची कथा वेगळ्या वळणाची आहे. पेरू आणि सहकाऱ्यांनी २००० साली जनुकांच्या सक्रियतेवरून स्तनगाठींची जी विभागणी केली, तिच्यात हा प्रकार नव्हता. २००७ मध्ये उंदरांच्या आणि माणसांच्या गाठींची तुलना करताना एक गट वेगळा निघाला. त्यात पेशींमधली फट बंद करणारी क्लॉडिन ३, ४ आणि ७ ही प्रथिने कमी होती आणि ई-कॅडहेरिनही कमी होते. क्लॉडिनांचे नावच ‘बंद करणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, १९९८ मध्ये क्योतोतच पडले. एका उपप्रकाराला सांधणाऱ्या प्रथिनाच्या अभावावरून नाव मिळाले, हा मान या क्षेत्रात एकमेवच. पण या गाठींत प्रतिकारपेशी आणि तंतुपेशी खूप घुसलेल्या असतात. गाठीचा तुकडा दळून त्यातली जनुके मोजली, तर क्लॉडिन कमी दिसण्याचे कारण कर्करोगपेशी की पाहुण्या पेशींची गर्दी, अशी शंका घेतली गेली. शंका रास्त आहे, पण अपुरी. कारण शुद्ध कर्करोगपेशींच्या वाढवलेल्या वाणांतही हेच रूप मिळते. २०२० मध्ये फाउग्नर आणि सहकाऱ्यांनी जे मांडले ते मला अधिक पटते. क्लॉडिन-लो ही इतर उपप्रकारांच्या बरोबरीची पाचवी किंवा सहावी पेटी नाही. बेसल गाठ किंवा ल्युमिनल गाठही तशी होऊ शकते, तशी होण्याची ही एक अवस्था आहे. कुळ एक, अवस्था दुसरी. लोब्युलरमध्ये सांध्याचा अभाव कुळ सांगतो, क्लॉडिन-लोमध्ये तोच अभाव अवस्था सांगतो. दोन्हींना ‘उपप्रकार’ हा एकच शब्द लावल्यामुळे तक्ते नीटनेटके होतात आणि विचार गढूळ होतो.

उरलेल्या प्रथिनांपैकी सीडी-४४ आणि ईपी-कॅम यांचा उल्लेख टाळता येत नाही. २००३ साली मिशिगनच्या गटाने दाखवले, की सीडी-४४ असलेल्या आणि सीडी-२४ जवळजवळ नसलेल्या शंभरएक पेशीही उंदरात नवी गाठ उभी करू शकतात. इतर पेशी हजारोंनी घालूनही करू शकत नाहीत. तेव्हापासून ही जोडी मूळपेशींची खूण म्हणून गाजली, पण बेसल गाठींत ती इतकी सर्रास असते की एखाद्या रुग्णाच्या भविष्याबद्दल वेगळे काही सांगायला ती अपुरी पडते. ईपी-कॅमने वेगळेच काम मिळवले. रक्तातल्या कर्करोगपेशी पकडण्यासाठी चुंबकी कणांना त्याची अँटीबॉडी लावतात, आणि २००४ मध्ये १७७ रुग्णांच्या अभ्यासात साडेसात मिलिलिटर रक्तात अशा पाच किंवा अधिक पेशी असलेल्यांचे आयुष्य कमी भरले. ही तपासणी उपयोगी आहे, पण तिच्या जाळ्याचे भोक ठरलेले आहे. ज्या पेशींनी ईपी-कॅमच टाकून दिले आहे त्या या जाळ्यातून निसटतात, आणि क्लॉडिन-लो अवस्थेतल्या पेशी नेमक्या तशा असतात. ईपी-कॅमचे भावंड ट्रॉप-२ तर मार्कर न होताच लक्ष्य झाले. ट्रॉप-२ ला चिकटून औषध आत सोडणाऱ्या सॅसिटुझुमॅब गोविटेकनने ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि हर-२ हे तिन्ही नसलेल्या रुग्णांच्या असेंट चाचणीत आयुष्याचा मध्यक ६.७ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर नेला, आणि त्यासाठी आधी ट्रॉप-२ मोजण्याची अट नाही, कारण बहुतेक गाठींत ते असतेच.

शेवटचा मोठा आक्षेप तंत्रज्ञानाचा. जनुकांचा पूर्ण आराखडा आता वाचता येतो, मग रंगाच्या या जुन्या तपासण्या हव्यात कशाला? जनुकवाचन सीडीएच१ चा बिघाड सांगेल, पण जनुक शाबूत असताना दाबले गेलेले प्रथिन सांगणार नाही. आणि प्रथिन पेशीच्या कडेवर आहे की आत पडून आहे, हे तर कोणतेही दळलेले नमुने सांगू शकत नाहीत, कारण दळतानाच जागा पुसली जाते. सांध्याची खरी माहिती जागेत आहे. शिवाय खर्चाचा प्रश्न आहेच. २०२२ च्या ग्लोबोकॅन अंदाजानुसार भारतात त्या वर्षी स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले. एवढ्या स्त्रियांना जनुकवाचन परवडणार नाही. एक-दोन जादा रंग परवडू शकतात. आपल्याकडच्या अनेक अभ्यासांत ट्रिपल निगेटिव्ह गाठींचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आणि लोब्युलर गाठींचा कमी दिसतो. हा कमीपणा किती खरा आणि किती नीट न ओळखल्यामुळे, हे ई-कॅडहेरिन आणि पी-१२० सरसकट न लावता कळणे कठीण आहे. पण रंगाच्या तपासणीवर विश्वास ठेवायचा तर सुरुवात ऑपरेशन थिएटरपासून करावी लागते. गाठ काढल्यावर तासाभरात ती कापून फॉर्मलिनमध्ये गेली पाहिजे, फॉर्मलिन बफर केलेले आणि पुरेसे असले पाहिजे, आणि ऊती त्यात निदान सहा तास, फार तर बहात्तर तास राहिली पाहिजे. तालुक्याच्या गावातून लहान बरणीत, गाठीला पुरेल न पुरेल एवढ्या फॉर्मलिनमध्ये दोन दिवसांनी मुंबईला किंवा पुण्याला पोहोचलेल्या गाठीत मधला भाग सडलेला असतो, आणि तिथे ई-कॅडहेरिन ‘नाही’ असे दिसले तर ते रोगामुळे नव्हे, हलगर्जीपणामुळे. म्हणून त्याच छेदातली निरोगी नलिका तपकिरी झाली आहे ना, हे आधी पाहायचे असते. संशोधनाच्या बाजूने २००५ मध्ये रिमार्क नावाची मार्गदर्शक तत्त्वे आली. मार्करच्या अभ्यासात उंबरठा कसा ठरवला ते लिहा, प्रतिकूल निकालही छापा, असा त्यांचा आग्रह आहे. सांधणाऱ्या प्रथिनांवरचे जुने अभ्यास या कसोटीला लावले, तर बरेचसे परस्परविरोध उंबरठ्यांच्या मनमानीतून आलेले दिसतात. कुणी दहा टक्के पेशींवर रेघ मारली, कुणी सत्तर टक्क्यांवर, आणि कडेवरचा व पेशीरसातला रंग अनेकांनी एकाच खात्यात जमा केला.

धरून राहणे घातक असू शकते हे एकदा मान्य केले, की पुढचा प्रश्न आपोआप येतो : मुद्दाम सोडवले तर? असेटो यांच्याच गटाने २०१९ मध्ये प्रयोगशाळेत पाहिले होते, की पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप रोखणारी औषधे रक्तातले गुच्छ विस्कटतात. अशा औषधांपैकी डिगॉक्सिन हृदयरोगात कितीतरी दशके वापरात आहे. २०२५ मध्ये या गटाचा स्वित्झर्लंडमधल्या रुग्णांवरचा छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोग पसरलेल्या आणि रक्तात गुच्छ सापडलेल्या नऊ स्त्रियांना हृदयरोगासाठी देतात त्याच मात्रेत डिगॉक्सिन दिले, आणि गुच्छांचा आकार सरासरी दोनएक पेशींनी घटला. नऊ रुग्ण आणि दोन पेशी, त्यावरून उपचार ठरत नाही, आणि त्या स्त्रियांचे आयुष्य वाढले का हे तपासायला तो अभ्यास रचलेलाही नव्हता. तरीही ज्या प्रथिनांच्या अभावाला कितीतरी वर्षे दोष दिला, त्यांची पकड सोडवण्यासाठी औषध देऊन पाहिले गेले. पुढची चाचणी मोठी होईल तेव्हा तिच्यात लोब्युलर, इन्फ्लमेटरी आणि बेसल गाठींचे रुग्ण वेगवेगळे मोजले गेले पाहिजेत. ज्या पेशींना सांधाच नाही, त्यांच्यात सोडवण्यासारखे काही नाही. आणि लसिकावाहिन्या तुंबवणाऱ्या गोळ्यांत ते सर्वाधिक आहे.